हेराल्डचं पुढचं सस्पेन्शन: आधी ट्रनियन बघा, बुश नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाडी साठच्या दशकातली स्टँडर्ड हेराल्ड, काही वर्षं जालन्यात शेडमध्ये उभी होती. आता रस्त्यावर काढली तर स्पीडब्रेकरवर डाव्या चाकाखालून 'खट' आवाज येतो, स्टीअरिंग जड लागतं आणि वळण घेऊन हात सैल केला तर ते आपसूक सरळ येत नाही. मेस्त्रींनी दोन सल्ले दिले: सगळे बुश (सांध्यांतले रबर-नायलॉनचे गोल तुकडे) बदलून भरपूर ग्रीस मारा, नाहीतर मारुती ८०० चे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र खांब) बसवून कटकटच मिटवा. यातलं कोणतं करावं, आणि जालना-संभाजीनगरात हे काम होईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

काम नक्की होईल. पण हे दोन्ही सल्ले मानू नका.

आधी स्ट्रटचं. मॅकफर्सन स्ट्रटचा सगळा भार वरच्या टोकाला, म्हणजे बॉडीच्या आतल्या मडगार्डाला जातो. हेराल्डला आतलं मडगार्डच नाही. बॉनेट आणि दोन्ही मडगार्ड मिळून एकच तुकडा आहे आणि तो पुढे उलटतो. खाली उरते फक्त चासी आणि तिच्यावर बोल्टाने बसवलेले दोन टरेट, म्हणजे पोलादी बुरूज. ते टरेट वरचे विशबोन (चाक धरणारे दुबेळकी हात) आणि स्प्रिंग धरण्यासाठी बनवले आहेत. त्यांच्यावर स्ट्रटच्या वरच्या टोकाचा आडवा जोर टाकला तर तडे जाऊ शकतात. आणि ही गाडी साधारण २५ फुटांच्या वर्तुळात वळते, ती याच रचनेमुळे. तो गुण घालवून हेराल्ड ठेवण्यात काय अर्थ आहे?

ग्रीसचा सल्ला जास्त घातक आहे, कारण तो शहाणपणाचा वाटतो. तो का घातक, हे समजायला रचना नीट बघावी लागेल. चाक ज्यावर फिरतं तो स्टब अ‍ॅक्सल एका उभ्या पोलादी फोर्जिंगमध्ये बसतो. त्याला व्हर्टिकल लिंक म्हणतात. लिंकच्या वरच्या टोकाला बॉल जॉइंट आहे. खालच्या टोकाला जाड आटे पाडलेले आहेत आणि ते टोक कांस्य धातूच्या एका ठोकळ्यात फिरकीसारखं बसतं. हा ठोकळा म्हणजे ट्रनियन. स्टीअरिंग फिरवलं की लिंक या आट्यांवर फिरते. खड्ड्यात चाक वरखाली झालं की ट्रनियन त्याच्या आडव्या नायलॉन बुशांवर झुलतो. स्प्रिंगचं खालचं टोक खालच्या विशबोनला आहे, त्यामुळे गाडीच्या त्या कोपऱ्याचं सगळं वजन याच आट्यांमधून चाकाकडे जातं. म्हणजे हे आटे एकाच वेळी बेरिंगही आहेत आणि खांबही.

या आट्यांना तेल लागतं. कंपनीने सांगितलं होतं ते ईपी ९० गिअर ऑइल, आणि ते बरोबरच होतं. तेल आट्यांच्या फटींतून वर चढतं, पाण्याला बाहेर ढकलतं आणि चाक वळलं की पुन्हा पसरतं. ग्रीस तोंडाशीच बसतं. आतपर्यंत पोचलं तरी काही उन्हाळ्यांत साबणासारखं घट्ट होतं आणि त्यानंतर तिथे तेलही शिरत नाही. मग पावसाळ्यात वरच्या रबरी सीलमधून पाणी उतरतं आणि ट्रनियनच्या बुडाशी साचतं. पोलाद गंजतं, तो गंज कांस्याला घासतो, आट्यांच्या मुळाशी बारीक खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांतून तडा सुरू होतो. लिंक तुटते ती ट्रनियनच्या तोंडाशी, जिथे वाकवणारा जोर सगळ्यात जास्त असतो. तुटताना चाक मडगार्डाखाली दुमडतं. अनेकदा हे गाडी लावताना किंवा पूर्ण वळणावर कमी वेगात होतं, हे नशीब. पण जालना-संभाजीनगर हायवेवर होणारच नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही.

जड स्टीअरिंग आणि सरळ न येणं ही तुमच्या गाडीची दोन्ही लक्षणं कोरड्या ट्रनियनची आहेत. म्हणून या गाडीच्या कामाचा क्रम असा: आधी ट्रनियन आणि लिंक, मग बाकी सगळं. लिंक नापास झाली तर नवीन बुशांना काही अर्थ नाही. तोवर गाडी रस्त्यावर काढू नका.

खोलण्याआधी एक तपासणी जागेवरच करून घ्या. चासीखाली जॅक लावून चाक उचला. वर आणि खाली धरून चाक हलवा. हललं तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले, म्हणजे ही सैल हालचाल, गेला तर दोष व्हील बेरिंगचा. तरीही हललं तर ट्रनियन, त्याचे बुश किंवा बॉल जॉइंट. कुठे हलतंय ते टॉर्च लावून बघा. मग चाक डावी-उजवीकडून धरून हलवा. तिथला प्ले टाय रॉड एन्डचा (स्टीअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा), रॅकचा (स्टीअरिंगचा दातेरी दांडा) किंवा रॅक धरणाऱ्या रबरांचा. शेवटी पहार चाकाखाली घालून हलकेच उचला. ट्रनियनच्या आट्यांत किंचित उभी हालचाल असतेच, पण आवाज करून उडी मारली तर आटे संपले आहेत.

सुटे भाग कुठून? मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ही गाडी इथे बनवली, पण आता तिचे भाग दुकानात मिळण्याचे दिवस गेले. चेन्नईच्या पुदुपेट बाजारात जुने नग सापडतात. मात्र जुनी लिंक तपासल्याशिवाय विकत घेऊ नका; तुमच्याकडे आहे तीच अडचण दुसऱ्याकडून आणल्यासारखं होईल. तुमच्या फायद्याची गोष्ट ही की हेराल्डच्या पुढच्या सस्पेन्शनची रचना ट्रायम्फ स्पिटफायर या स्पोर्ट्स कारचीच आहे, आणि स्पिटफायर १९६२ ते १९८० पर्यंत बनत होती. इंग्लंडमध्ये तिचे ट्रनियन, बुश किट, बॉल जॉइंट, लिंक सगळं आजही नवीन बनतं आणि टपालाने येतं. फक्त व्हिटेस आणि जीटी ६ या सहा सिलिंडरच्या गाड्यांचे भाग मागवू नका. त्यांच्या लिंक आणि हब जाड आहेत. ऑर्डर देण्याआधी तुमचे भाग व्हर्नियरने मोजून आकडे पाठवा.

डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे एकमेकांच्या उलटे असतात. ट्रनियन आणि लिंक दोन्ही त्या-त्या बाजूचे लागतात, अदलाबदल होत नाही. खोलताना प्रत्येक नगावर पेंटने खूण करा. आटा फिरत नाही म्हणून पाइप लावून जोर करण्याआधी तो उलटा तर नाही ना, हे एकदा बघा.

आता एका बाजूला लागणारी यादी. ट्रनियन एक. ट्रनियनचं बुश किट एक, ज्यात नायलॉन बुश, पोलादी नळी, रबरी सील आणि पत्र्याच्या वाट्या येतात. ट्रनियनचा लांब बोल्ट नायलॉक (आत नायलॉनची रिंग असलेल्या) नटासह नवीन. वरचा बॉल जॉइंट. वरच्या आणि खालच्या विशबोनचे आतल्या बाजूचे बुश. टाय रॉड एन्ड. शॉकअपचे वरचे-खालचे रबर. आतलं आणि बाहेरचं व्हील बेरिंग, हबचं फेल्ट सील, स्प्लिट पिन. दोन्ही बाजूंसाठी मिळून रॅकची दोन रबरं आणि दोन बूट. अँटी-रोल बार असेल तर त्याचीही रबरं. बेरिंग परदेशातून मागवायची गरज नाही. ती इंची टेपर बेरिंगं आहेत, नंबर रिंगवर कोरलेला असतो, तो वाचून बेरिंगच्या दुकानात द्या.

नट-बोल्ट यूएनएफ, म्हणजे बारीक आट्यांचे इंची, आहेत आणि इथेच आपल्याकडे सगळ्यात जास्त नासधूस होते. गॅरेजमध्ये मिलिमीटरचे पाने असतात. अर्ध्या इंचाचा नट १२.७ मिमीचा, त्यावर १३ चा पाना बसतो पण जाम नटावर घसरून कोपरे गोल करतो. ९/१६ ला १४ चा बसतच नाही, १५ चा सैल. ५/८ ला १६ आणि ३/४ ला १९ चालतो. पण शेवटी इंची सॉकेटचा सेट घ्या, तो कामाला येतोच. दुसरी गोष्ट: ५/१६ यूएनएफच्या बोल्टावर ८ मिमीचा नट एक-दोन आटे सहज जातो आणि मग अडतो. तिथे पाना ताणला की बोल्ट खराब. यूएनएफ बोल्ट शोधत मुंबईला जायची गरज नाही. मॅसी ट्रॅक्टरचे स्पेअर विकणारं दुकान गाठा. जुन्या मॅसीत हेच आटे आहेत. बोल्ट ८.८ ग्रेडचाच घ्या आणि नायलॉक नट एकदाच वापरा.

खोलायला सुरुवात करताना मागच्या चाकांना दगड लावा. चासीच्या लांबीच्या रेल्सखाली स्टँड द्या, विशबोनखाली नको. बॉनेट उलटं करून दोरीने बांधून ठेवा, वाऱ्याने ते आपटतं. दोन माणसं असतील तर बॉनेट काढून बाजूला ठेवा, उजेड आणि जागा दोन्ही मिळतात. एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू जोडताना नमुना म्हणून बघायला लागते.

ब्रेक प्लेट सोडवली की ती तारेने वर टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. टाय रॉड एन्डचा टेपर (निमुळती दांडी) सोडवताना नट दोन आटे सैल करून ठेवा. स्टीअरिंग आर्मच्या डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने ठोका, टेपर उडतो. आट्यांवर ठोकायचं नाही.

स्प्रिंग आणि शॉकअप एकत्रच येतात. टरेटवरचे तीन नट आणि खालच्या विशबोनमधला एक बोल्ट काढला की पूर्ण नळा बाहेर येतो. मधोमध जो एकटा नट दिसतो त्याला हात लावू नका. त्याच नटाने दाबलेली स्प्रिंग धरून ठेवली आहे. तो गाडीवर किंवा टेबलावर, कॉम्प्रेसर न लावता सोडला तर स्प्रिंग आणि प्लेट गोळीसारखी सुटतात. स्प्रिंगला दोन्ही बाजूंनी कॉम्प्रेसर लावून ती प्लेटपासून सैल झाली, हाताने फिरायला लागली, की मगच तो नट.

खालच्या विशबोनचे ब्रॅकेट काढण्याआधी थांबा. ब्रॅकेट आणि चासी यांच्यामध्ये पातळ पट्ट्या असतात, शिम. पुढच्या ब्रॅकेटला किती, मागच्याला किती, हे बाजूनुसार लिहा आणि चार वेगळ्या पिशव्यांत ठेवा. कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल) आणि कॅस्टर (बाजूने बघता चाक वळण्याच्या अक्षाचा कल) याच पट्ट्यांवर ठरतं. सगळ्या पट्ट्या एका डब्यात टाकल्या तर नंतर अलाइनमेंटला हेलपाटे पडतात.

ट्रनियनचा लांब बोल्ट बहुतेक वेळा पोलादी नळीला गंजून चिकटलेला असतो. नट निघतो, बोल्ट फिरतोही, पण बाहेर येत नाही, कारण त्याच्यासोबत नळीच फिरत असते. तो हातोड्याने ठोकून काढू नका, खालच्या विशबोनचे पत्र्याचे कान फाकतात. विशबोनचा कान आणि ट्रनियन यांच्यामधल्या वाटीत हॅकसॉचं पान घाला आणि दोन्ही बाजूंनी बोल्ट कापा. ग्राइंडर वापरलात तर १ मिमीचं चक्र घ्या आणि कानाच्या आतल्या चेहऱ्यावर पत्र्याचा तुकडा अडवा. तिथे खोल ओरखडा पडला तर पुढे तडा जायची जागा तीच. बोल्ट नवीन येणारच आहे, त्याची काळजी करू नका.

आता लिंक ट्रनियनमधून फिरवून काढा. बाहेर आलेला माल बघा. काळं, घट्ट, माती मिसळलेलं ग्रीस असेल तर तुमच्या शंकेचं उत्तर मिळालं. लिंक डिझेलमध्ये भिजवून ताठ प्लास्टिक ब्रशने आटे स्वच्छ करा. सँडब्लास्टिंग आट्यांवर अजिबात नको. चकाकी हवी म्हणून लिंक किंवा बोल्ट झिंक प्लेटिंगलाही देऊ नका. आम्लात बुडवल्यावर हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ताकदवान पोलाद ठिसूळ होतं. नुकताच प्लेटिंग झालेला, चकाचक दिसणारा नग भाराखाली अचानक तुटतो.

मग तडा तपासणी. हा टप्पा वगळू नका, लिंक डोळ्यांना कितीही चांगली दिसली तरी. सोपा मार्ग डाय पेनिट्रंटचा. वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात तीन डब्यांचा संच मिळतो: क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. क्लीनरने पूर्ण कोरडं करा. लाल रंग फवारून १५-२० मिनिटं ठेवा. कापडाने पुसा, कापडावर क्लीनर घ्या, नगावर थेट फवारू नका, नाहीतर तड्यातला रंगही धुऊन जातो. डेव्हलपरचा पातळ थर मारा आणि दहा मिनिटांनी बघा. आट्यांच्या मुळाशी, विशेषतः सगळ्यात वरच्या आट्यांमध्ये, सलग लाल रेघ आली तर लिंक भंगारात. ठिपके आले तर ते गंजाचे खड्डे असतात. खड्डे नखाला लागत असतील तरीही भंगारात. आट्यांत रंग अडकून फसगत होऊ शकते, म्हणून शंका आली तर मॅग्नेटिक तपासणी करा. वाळूज आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत वाहनांचे भाग बनवणारे कारखाने आहेत. फोर्जिंग करणाऱ्यांकडे ही सोय असते. ओळखीने एखादा नग तपासून देतात. तडा भरून वेल्डिंग करून देतो असं कोणी म्हणालं तर नमस्कार करून परत या.

स्टब अ‍ॅक्सलही बघा. आतल्या बेरिंगची रिंग त्यावर सैल फिरत असेल, निळसर डाग असेल किंवा खांद्याशी खाच पडली असेल तर तोही बदला.

नवीन ट्रनियन आला की तो थेट बसवू नका. आज मिळणाऱ्या काही ट्रनियनची बुडाची चकती गळते. ट्रनियन कागदावर उभा ठेवा, आत डिझेल भरा आणि रात्रभर सोडा. सकाळी कागद ओला असेल तर चकतीभोवती साफ करून चांगला इपॉक्सी भरा किंवा परत पाठवा. गळका ट्रनियन तुम्ही कितीही तेल द्या, महिनाभरात कोरडाच. मग लिंकला तेल लावून ट्रनियन फिरवा. तो शेवटपर्यंत बोटांनी गेला पाहिजे. अर्ध्या खोलीवर धरून हलवा. डुगडुग जाणवली तर जोडी जुळत नाही. जुन्या झिजलेल्या लिंकवर नवीन ट्रनियन चढवण्याची बचत टिकत नाही.

लेथवर ट्रनियन बनवून घेण्याचा मोह होईल, संभाजीनगरात कसबी टर्नर भरपूर आहेत. पण उलट-सुलट आट्यांची अचूक जोडी, आतल्या आट्यांची सफाई आणि योग्य कांस्य, हे तिन्ही एका नगासाठी जुळवणं महाग पडतं. साध्या पितळी रॉडमधून केलेला ट्रनियन लवकर झिजतो. टर्नरकडून करून घ्यायचेच असतील तर आडवे बुश करून घ्या. तेही नायलॉनच्या रॉडमधून नको, कारण साधं नायलॉन ओलावा शोषून फुगतं आणि पावसाळ्यात बुश नळीवर आवळतो. अ‍ॅसिटल, म्हणजे डेल्रिनचा रॉड घ्या.

विशबोनच्या बुशांबद्दल थोडं मत. रबर की पॉलियुरेथेन, हा वाद चालूच राहील. आपल्या रस्त्यांसाठी, आणि एप्रिल-मेच्या आपल्या उन्हासाठी, चांगल्या प्रतीचं रबर मला पटतं. रबर आवाज करत नाही, छोटे धक्के गिळतं आणि चासीवर मार येऊ देत नाही. पॉली बुश स्टीअरिंग धारदार करतात, पण धूळ आत गेली की करकरतात आणि दरवर्षी काढून सिलिकॉन ग्रीस द्यावं लागतं. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर कडक पॉलीमुळे टरेटच्या बोल्टाभोवती तडे लवकर येतात. पॉली घ्यायचेच असतील तर साधारण ८० शोअर ए (कडकपणा मोजण्याचं माप) पर्यंतचे घ्या, रेसिंगवाले नकोत.

बुश दाबून बसवायला व्हाइस आणि योग्य मापाची सॉकेट पुरेत. रबराला साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा. तेल-ग्रीस लावलं तर रबर फुगतं. विशबोन रंगवून घ्या, पण पावडर कोटिंग केलं असेल तर बॉल जॉइंट बसण्याची जागा, ब्रॅकेटचे चेहरे आणि बोल्टाखालची जागा खरवडून धातू उघडा करा. जाड कोटिंग दाबाखाली हळूहळू बसतं आणि घट्ट केलेला बोल्ट सैल पडतो.

विशबोन काढलेले असतानाच चासी बघा. काळ्या मातीचा चिखल खालच्या ब्रॅकेटच्या मागे आणि टरेटच्या बुडाशी अडकतो, वरून वाळतो आणि आत ओल धरून ठेवतो. तो पाण्याच्या जोराने नाही, आधी स्क्रूड्रायव्हरने खोदून काढा. तिथला पत्रा टोचून बघा. बोल्टाची भोकं लांबट झाली असतील तर सस्पेन्शन थांबवून आधी चासीचं काम.

जोडणी आता उलट क्रमाने. पण चार ठिकाणी सावकाश जा.

पहिलं, ट्रनियन. नवीन रबरी सील लिंकवर चढवा, आटे तेलाने माखा आणि ट्रनियन शेवटपर्यंत फिरवा. मग उलटा फिरवत पहिल्या कामाच्या स्थितीपर्यंत आणा. हे साधारण एका फेऱ्याच्या आत येतं. त्या जागेवरून लिंक दोन्हीकडे पूर्ण वळली पाहिजे. ट्रनियन तळाला टेकवून तसाच बसवला तर एका बाजूच्या पूर्ण वळणावर स्टीअरिंग अडतं आणि प्रत्येक वेळी लिंकला पीळ बसतो.

दुसरं, लांब बोल्ट. पोलादी नळी नायलॉन बुशांपेक्षा किंचित लांब असते. बोल्ट घट्ट केल्यावर विशबोनचे कान नळीवर आवळतात आणि ट्रनियन नळीभोवती मोकळा झुलतो. घट्ट केल्यावर ट्रनियन हाताने हलत नसेल तर नळी आखूड आहे किंवा वाट्या उलट्या बसल्या आहेत. नळीच्या बाहेरून पातळ लिथियम ग्रीस आणि बोल्टावर कॉपर अँटी-सीझ लावा. पुढच्या वेळी हॅकसॉ लागणार नाही.

तिसरं, व्हील बेरिंग. बेरिंगच्या रोलरमध्ये तळहातावर दाबून ग्रीस भरा, हबच्या टोपीत मात्र ठासू नका. फेल्ट सील इंजिन ऑइलमध्ये भिजवून पिळून बसवा. हब फिरवत फिरवत नट ५ पाउंड-फूट, म्हणजे साधारण ७ न्यूटन-मीटरपर्यंत घट्ट करा, मग एक पैलू, म्हणजे फेऱ्याचा सहावा भाग, मागे घ्या आणि स्प्लिट पिन टाका. डायल गेजवर प्ले ०.०५ ते ०.२० मिमी यायला हवा. म्हणजे चाक वर-खाली हलवल्यावर अगदी किंचित जाणवेल, आणि तेच बरोबर आहे. प्ले शून्य करण्याची सवय बऱ्याच गॅरेजमध्ये आहे. मग भर उन्हात ५०-६० किलोमीटर गेल्यावर हबला हात लावता येत नाही आणि बेरिंग जळतं.

चौथं, आणि सगळ्यात जास्त वेळा चुकतं ते: रबरी बुशांचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे घट्ट करायचे नाहीत. रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या डोळ्याला धरून पिळलं जातं. लोंबकळत्या विशबोनवर बोल्ट आवळला तर गाडी खाली टेकल्यावर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं. गाडी पुढून उंच बसते, कॅम्बर चुकतो आणि काही महिन्यांत रबर फाटतं. बोल्ट नुसते हाताने लावा, चाकं जोडा, गाडी जमिनीवर उतरवा. पुढच्या दोन सीटवर माणसांऐवजी सोयाबीनची दोन पोती टाका. गाडी थोडी पुढे-मागे ढकला, पुढून दोन-चारदा दाबून सोडा. मग खाली जाऊन विशबोनचे बोल्ट घट्ट करा. पॉली बुशांना हा नियम लागू नाही, ते फिरतात. टॉर्कचे बाकी आकडे तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या.

स्प्रिंगांबद्दल एवढंच: दोन्ही मोकळ्या उभ्या करून उंची मोजा. उजवी बाजू बहुधा बसलेली असते, कारण वर्षानुवर्षं ड्रायव्हर एकटाच बसलेला असतो. फरक असेल तर जोडी बदला. गॅसने तापवून स्प्रिंग सरळ किंवा लांब करणारे लोक आहेत. तसं केलेल्या स्प्रिंगचा पोत जातो आणि ती पुन्हा बसते. शॉकअपला भोक पाडून तेल भरून वेल्ड करण्याचा प्रकारही टाळा.

अलाइनमेंटचा क्रम: कॅम्बर, कॅस्टर, शेवटी टो (वरून बघता चाकांची तोंडं किती आत-बाहेर आहेत ते). खालच्या दोन्ही ब्रॅकेटमागे सारख्या पट्ट्या वाढवल्या की चाकाचं बूड बाहेर जातं आणि कॅम्बर निगेटिव्हकडे सरकतो. पुढे-मागे वेगवेगळ्या टाकल्या की कॅस्टर बदलतो. कंपनीचा हिशोब थोडा पॉझिटिव्ह कॅम्बर ठेवतो, त्यामुळे संगणकी अलाइनमेंटवाला आजच्या गाडीच्या अंदाजाने 'हे चूक आहे' म्हणेल. त्याला मॅन्युअलमधला आकडा हातात द्या. त्याच्या यादीत हेराल्ड नसणार. टो सेट करण्याआधी रॅक मधोमध आणा आणि दोन्ही टाय रॉडचे आटे सारखे उघडे ठेवा, नाहीतर स्टीअरिंग चाक वाकडं बसतं. रेडियल टायरला साधारण १.५ मिमी टो-इन पुरतं.

रस्त्यावर नेण्याआधी गाडी उचलून दोन्ही पूर्ण वळणांवर ब्रेक होज ताणलेला नाही ना आणि टायर कुठे घासत नाही ना, ते बघा. पहिल्या १०० किलोमीटरनंतर टरेटचे तीन-तीन नट, खालचे ब्रॅकेट, रॅकचे यू-बोल्ट आणि हबचा प्ले पुन्हा तपासा. स्टीअरिंग अजूनही सरळ येत नसेल तर कॅस्टरच्या पट्ट्या मोजा. एकाच बाजूला वळताना जड असेल तर त्या बाजूचा ट्रनियन तळाला टेकतोय. स्पीडब्रेकरवर खट उरला असेल तर शॉकअपचा खालचा बोल्ट आणि वरचं रबर बघा. नवीन रबराखाली वॉशर विसरला असेल तरी हाच आवाज येतो.

तेल देण्याची पद्धत: ट्रनियनच्या बाजूचा प्लग काढून निपल (तेल भरायचं तोंड) लावा. चाक जमिनीवरून उचललेलं ठेवा, ऑइल गनने तेल भरत राहा आणि दुसऱ्या माणसाला स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावा. वरच्या सीलमधून स्वच्छ तेल झिरपेपर्यंत थांबू नका. साधी ग्रीस गन तेलाने भरली तर मागून गळते, पण काम भागतं. जीएल ४ प्रतीचं ईपी ९० मिळालं तर उत्तम. जीएल ५ ही चालतं, ट्रनियन गरम होत नसल्याने कांस्याला त्रास होत नाही. आपल्या उन्हात ८५डब्ल्यू १४० जास्त दिवस टिकतं. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्ससाठी ते कुठल्याही तालुक्याला मिळतं. मृग लागण्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा द्या, गाडी वर्षभर उभी राहिली असली तरी. आणि निपल काढून पुन्हा प्लग लावा. निपल दिसलं की कोणीतरी सर्व्हिसिंगला ग्रीस मारतोच.